सवणं नसलेली खोली

मॅट्रिक झालेल्या बाईला शहाणपण शिकवायला जाऊ नये, असं आमच्या गवंड्याचं मत होतं. ते मत माझ्यामुळेच झालं होतं.

मी सांगलीची. सांगलीत नळाला पाणी, भिंतीला रंग, आणि मला गृहशास्त्रात वर्गात पहिला नंबर. दिली ती म्हसवडच्या पलीकडं, माळावरच्या एका गावात, फौजेतल्या माणसाला. तो वर्षातून दीड-दोन महिने घरी. बाकीचे दिवस घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची.

घर माळवदाचं होतं. पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. जेवायला बसलं की वरून भाकरीवर चिमूटभर माती पडायची. आत्या ती बोटानं उडवून पुढचा घास घ्यायच्या. मी ताट घेऊन जागा बदलायची, तर माती तिथंही माझ्यामागं यायची. एकदा उशीवर विंचू पडला. मी अंगणात पळाले, आत्यांनी चपलेनं काम उरकलं आणि म्हणाल्या, "त्येचं घर हाय ते. तू नवी आलीयास."

आणि त्या छताच्या मधोमध हातभर भोक. त्याला सवणं म्हणतात. सवण्यातून उजेड आत यायचा, चुलीचा धूर बाहेर जायचा. पाऊस आला की माळवदावर चढून त्यावर फरशी सरकवायची. पाऊस आमच्याकडं येतोच किती, पण आला की वर चढायला मीच. मी माहेरी लिहिलं होतं, इथले लोक आधी छत करतात आणि मग त्याला भोक पाडतात. आईनं ते पत्र गल्लीत वाचून दाखवलं म्हणे. इथल्या लोकांना हसण्यात मी सगळ्यांच्या पुढं होते.

मोठ्या दुष्काळाला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मी नवऱ्याच्या मागं लागले. सगळं घर नको, मागच्या अंगाला एक खोली स्लॅबची बांधू. त्यानं पत्रातून होकार दिला. सिमेंट परमिटवर मिळायचं, ते साताऱ्याहून आलं. सळया आल्या. गवंडी गावातलाच, म्हातारा, सगळी हयात दगड-मातीत गेलेली, पण उतारवयात धरणाच्या कामावर जाऊन स्लॅब ओतायला शिकून आलेला. सेंट्रिंगच्या फळ्या ठोकून झाल्यावर तो खाली उतरला आणि पागोट्याच्या शेवानं घाम पुसत म्हणाला,

"वैनीसाब, मधी सवण्याला जागा सोडतू. चौकट बशिवली की झालं."

"स्लॅबला भोक?" मी म्हणाले. "मग स्लॅब घालायचा कशाला?"

"घराला नाक पायजे की वो."

"नाक तुमचं सांभाळा. तपकीर कमी ओढा."

सेंट्रिंगवरची माणसं खो खो हसली. तोही हसला. मला वाटलं, जिंकले. तपकिरीवरचा तो विनोद मी पुढं चार घरी सांगितला. आता सांगायची हिंमत होत नाही, पण लिहायला बसलेय तर लिहिते.

स्लॅब ओतल्यावर त्याला पंधरा दिवस पाणी पाजावं लागतं, नाहीतर तडकतो. मी वर मातीची आळी करून घागरी ओतायची. विहिरीवर बाया बोलायच्या, "मान्साला प्याया पाणी न्हाई, आन ही छताला पाजतीया!" आत्या घरी येऊन ते मला सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशी एक घागर स्वतः वर चढवायच्या. सुनेचं वेड त्यांच्या परीनं त्यांनीही निभावलं.

खोली झाली. चुन्यानं पांढरी केली. लोखंडी चौकटीची काचेची खिडकी बसवली. आमच्याकडं उन्हाळाभर वावटळी. धूळ कुठूनही घुसते. म्हणून मी गृहशास्त्राच्या पुढची मजल मारली. उदबत्ती पेटवून दाराच्या, खिडकीच्या कडेनं फिरवली. जिथं धूर हलला तिथं फट. काचेच्या कडांना लांबीचा लगदा भरला. दाराच्या चौकटीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बारीक खिळ्यांनी ठोकल्या. उंबऱ्याशी गोणपाटाची घट्ट वळी. पुन्हा उदबत्ती लावली. धूर सरळ उभा राहिला, दोऱ्यासारखा. मी आत्यांना हाक मारून दाखवलं.

"बघा. वाऱ्याची सुई आत यायची नाही."

आत्या जरा वेळ बघत राहिल्या. "लय भारी हाय," म्हणाल्या. त्यांना खरंच भारी वाटलं होतं. मलाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची ती बाई कमरेवर हात ठेवून स्वतःच्या खोलीत उभी होती, आणि तिला वाटत होतं की वारा म्हणजे धूळ आणि धूळ म्हणजे अडाणीपणा. गृहशास्त्रात पहिली!

मार्गशीर्षात वन्सं बाळंतपणाला आली. नवऱ्याची एकुलती बहीण, मेढ्याकडं डोंगरात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. आमच्यात चार-साडेचार वर्षांचं अंतर. मी वन्सं म्हणायची, ती वैनी. तिनं खोली बघितली आणि हात फिरवत म्हणाली, "वैनी, ही तर दवाखान्यावानी केलीयास गं." बाळंतिणीला तीच खोली द्यायची हे मीच ठरवलं. आत्या जुन्या घरातल्या आतल्या खोलीचं म्हणत होत्या. मी म्हणाले, बाळाच्या तोंडात वरून माती पडू दे का?

मुलगा झाला. सुईणीनं सगळं नीट केलं. गोरं, केसाळ, हात मुठीत घट्ट.

आमच्याकडं बाळंतिणीला शेक देतात. न्हाऊमाखू घातलं की तिला सुंभाच्या बाजेवर निजवायचं, खाली बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचा, आणि दार लावून घ्यायचं. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. लागला तर जन्माचं दुखणं. आत्यांच्या सासूनं आत्यांना असाच शेक दिला होता, त्यांच्या आधीच्यांनीही असाच. शे-दोनशे वर्षं त्या शेगड्यांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं, कारण वर सवणं होतं. ते तिथं का आहे हे कुणी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वन्सं म्हणाली, "वैनी, डोस्कं लय दुखतंया."

मी तिच्या कपाळाला पट्टी बांधली. आत्या म्हणाल्या, दूध उतरतंय, दुखायचंच. तिसऱ्या दिवशी न्हाणीत गेली तेव्हा म्हणाली, "हितं बरं वाटतंय गं. आत गेलं की मळमळतंय." मी म्हणाले, "न्हाणीत बरं वाटतं म्हणून न्हाणीतच बाज टाकू का?" ती हसली. तीन दिवस ती सांगत होती. मी तीन दिवस विनोद करत होते.

पाचव्या दिवशी पाचवीची पूजा. पाटा-वरवंटा घासून मांडायचा, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, तिच्यासाठी सगळी तयारी. दुपारी न्हाणं झालं, शेगडी नेहमीपेक्षा भरून ठेवली. बाहेर गारठा होता, आणि आम्ही दोघी कामात असणार, मधे निखारे घालायला कोण जाणार? दार ओढून घेतलं. ट्यूबची पट्टी चौकटीला घासली की एक आवाज यायचा. तो आवाज मला आवडायचा.

पाटा धुताना आत्या म्हणाल्या, "पोरगं रडंना आज."

"गुणाचं आहे," मी म्हणाले.

थोड्या वेळानं मी उठून दार उघडलं. खोली उबदार, ओव्याचा वास. वन्सं कुशीवर, बाळ तिच्या काखेत. दोघांचे गाल गुलाबी, इतके गुलाबी की मला वाटलं, बघा, चार दिवसांत कशी तब्येत सुधारली. मला जरा चक्कर आल्यासारखं झालं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मी तेच कारण धरलं. वारा लागू नये म्हणून मी दार पुन्हा लावून घेतलं. अगदी हळूच, आवाज न करता.

परत पाट्यापाशी आले. वाटण वाटलं. पुरण शिजत होतं, ते हलवलं.

नंतर आत्या गेल्या दूध पाजायचं म्हणून. त्यांची हाक ऐकून मी धावले. वन्संला आम्ही दोघींनी बाजेसकट ओढत ओसरीवर आणलं. तिला उलटी झाली, मग ती कण्हली, मग डोळे उघडले. बाळ आत्यांच्या हातात होतं. तसंच गुलाबी. सुईण आली, तिनं उलटंपालटं केलं, तळव्यांना चापट्या मारल्या. मग तिनं त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि त्याच्या तोंडावरून दुपट्याचं टोक ओढलं.

संध्याकाळी बाया जमल्या. सटवीनं असंच लिवलं असंल, म्हणाल्या. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सटवी रातीला येती. ह्ये दुपारीच गेलं. मग लिवलं कुनी?"

मी दार उघडून पुन्हा लावलं होतं, हे तेव्हा फक्त मला ठाऊक होतं.

शिमग्याला नवरा रजेवर आला. खोलीत पाय ठेवल्याबरोबर त्यानं वर बघितलं.

"सवणं कुठं हाय?"

"ठेवलं नाही."

तो बाजेच्या जागेवर उकिडवा बसला. मग सांगू लागला. तिकडं बर्फात त्यांना पहिल्याच दिवशी सांगतात, बंद तंबूत कोळशाची अंगेठी पेटवून झोपायचं नाही. कोळशाच्या आगीतून एक वायू सुटतो. वास नाही, धूर नाही. माणूस झोपेतच जातो. त्याच्या तुकडीतली दोघं तशीच गेली होती.

"मग लिहिलं का नाही कधी?" मी ओरडलेच.

"आगं, आपल्या घराला सवणं हाय म्हनून!" तोही ओरडला. मग खाली बघत म्हणाला, "मला काय म्हाईत तू बुजवशील."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. स्लॅब फोडायला दोघांना तीन दिवस लागले, छिन्नी आणि हातोडा. सळया करवतीनं कापल्या. मी चहा नेला तर गवंड्यानं तो घेतला आणि तोंड दुसरीकडं करून प्याला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

दीड-दोन वर्षांनी वन्सं पुन्हा बाळंतपणाला आली. सातवा महिना होता. सगळ्यांनी सांगून सांगून तिला आणलं होतं. खोलीला आता सवणं होतं, दाराच्या पट्ट्या मी उपटून टाकल्या होत्या. ती ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

"वन्सं, त्या दिवशी मी एकदा दार उघडलं होतं. आत्यांच्या आधी. तुम्ही दोघं झोपलेले दिसलात. मी दार पुन्हा लावलं."

तिचा हात सुपात थांबला.

"तवा जितं व्हतं का त्ये?"

"माहीत नाही."

"हालत व्हतं का?"

"मी नीट बघितलं नाही गं."

तिनं सुपातले खडे एकेक करून बाहेर टाकले. सगळे संपेपर्यंत.

"लबाड तरी बोलायचं व्हतंस, वैनी," ती म्हणाली. "म्हनायचं, आदीच गेलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती परत गेली. आत्यांनी कारण विचारलं, तर सासरी म्हस व्यायलीय म्हणून सांगितलं. बाळंतपण तिचं तिकडंच झालं, डोंगरातल्या कौलारू घरात, जिथं कौलांच्या फटीतून आभाळ दिसतं. मुलगी झाली.

बारशाला आम्हाला बोलावणं आलं. मी गेले. सगळ्या बायांनी आळीपाळीनं मुलीला घेतलं, मग माझी पाळी आली. वन्संनं स्वतः आणून माझ्या मांडीवर ठेवली. बाया गाणी म्हणत होत्या, घुगऱ्या वाटत होत्या. ती समोर बसली. मुलगी माझ्या मांडीवर होती तोवर वन्संनं तिच्या छातीवरून नजर हलवली नाही. छाती वर जायची, खाली यायची. मीही तेच मोजत बसले होते.