कस्तुराची शाळा आणि माझी गोफण

कस्तुराच्या शाळेची गोष्ट मी काढली की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठतात. कुणाला बैल पाजायचे आठवतात, कुणाला सरपण. म्हणून यंदा लिहूनच काढतो. कागद काही उठून जात नाही. त्यातून परवा दसऱ्याला कस्तुराचाच धाकटा शाळेत बसला आणि जावईबापू अर्धा दिवस शाळेपुढे घुटमळत राहिले, असं कळलं. घरात सगळे हसले. मी हसलो नाही. मला हसायला तोंडच नाही.

मी जगदेव. गाव अनसिंगजवळ, शिक्षण मराठी चौथी. चौथीत मी तीन वर्षं काढली, तेव्हा शिक्षण तसं पक्कं झालेलं आहे. सात एकर जमीन, दोन बैल, आणि त्या वेळी एकच लेक.

कस्तुरा चालायला लागली तेव्हापासून माझ्यासंगं शेतात यायची. ज्वारी दाण्यावर आली की मी माळ्यावर, म्हणजे चार बल्ल्यांवर बांधलेल्या मचाणावर, गोफण घेऊन बसायचो. ती खाली दगड वेचायची आणि दिवसभर बोलायची. मुंग्या कुठं निजतात? ढगाचा मालक कोण? बैल काहून हसत नाही? मी प्रत्येकाचं उत्तर द्यायचो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस उत्तराला अडत नाही.

ती सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या मायनं, गोजरानं, तिला शाळेत बसवायचं काढलं. शाळेत तोवर एकही पोरगी नव्हती. गाव म्हणालं, चार दिवसांत परत येईल. मी छाती काढून सांगितलं की चौथी पास बापाची लेक आहे. दसऱ्याला पाटीपूजन झालं, पोरांना गूळखोबरं वाटलं. शाळेत सोडताना मी तिला बजावलं की रडायचं नाही, रडली नाहीस तर गुळाचा खडा मिळेल.

शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची. उकंडराव मास्तर एकटे, चारही वर्ग त्यांचेच. कस्तुरा धुळपाटी, म्हणजे अक्षरं गिरवायला धूळ पसरलेली फळी, घेऊन धाकट्या पोरांत गेली, एकाला सरक म्हणाली आणि बसली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रडू आलं ते मला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून मारुतीला सांगितलं. दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं.

शेतात जायचं ते मी समोरच्या लिंबाच्या पारावर टेकलो. बाहेर आल्यावर बाप दिसला नाही तर पोर घाबरेल, असा माझा विचार. दुपारी सुटी झाली. ती माझ्यासमोरून पोरांच्या मागं पळत गेली आणि मुळीच घाबरली नाही. संध्याकाळी तिनं हक्कानं गुळाचा खडा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पार. मास्तरांनी चौथीच्या पोरांना पावकी, म्हणजे पावाचा पाढा, विचारली, वीस पावकी किती? पोरं अडली. मला राहवलं नाही, पारावरूनच सहा म्हटलं. त्यावर पोरं जी हसली, ती गोष्ट दिवस मावळायच्या आत गावभर झाली. जगदेव पुन्हा चौथीत बसला म्हणून जो तो मला पुस्तकं कुठवर आली ते विचारू लागला.

तिसऱ्या दिवशी गोजरा सहज शेतात गेली. बांधाकडची कणसं राघूंनी पार सोलून ठेवलेली. तिनं घरी येऊन एकच विचारलं, “तुमी राखण कोनाची करून राह्यले?”

म्हणून चौथ्या दिवशी गोफण कमरेला बांधूनच निघालो. पोरीला सोडायचं आणि तडक शेत गाठायचं. पण पार वाटेतच होता. टेकलो, आणि डोळा लागला. तेवढ्यात लिंबावर राघूंचा थवा उतरला. तो आवाज कानात शिरताच मी झोपेतच उठलो, हाऽ हाऽ रे करत गोफण फिरवली आणि दगड सोडला. राघूंना काही झालं नाही. शाळेचा पाण्याचा रांजण मात्र फुटला. सगळं पाणी ओसरीवर पसरलं आणि धाकट्या पोरांच्या धुळपाट्यांचा चिखल झाला.

चार दिवस कस्तुरा रडली नव्हती. ती आता रडली. तिनं पहिल्यांदाच आपल्या हातानं काढलेला ‘ग’ पाण्यात गेला होता.

मास्तर ओरडले नाहीत. हजेरीचं पुस्तक उघडून म्हणाले, “जगदेव, दोघांतलं एकच मानूस शाळेत बसन. तू बसतं का पोरगी बसते? दुसऱ्याचं नाव कमी करतो.”

माझं नाव त्या पुस्तकात नव्हतंच. कमी व्हायचं होतं ते एकच नाव, आणि ते झालं असतं तर गावानं पुन्हा तिला शाळेची पायरी चढू दिली नसती. हे सगळं मला कळत होतं. पाय मात्र पारावरून उतरेनात.

कस्तुरानं नाक पुसलं. “बाबा, तू शेतात जाय. मले अक्षर काढू दे.”

तरी मी उभाच. मग मास्तरांनी चौथीकडं नुसतं पाहिलं. शाळा चुकवणाऱ्या पोराला चौघांनी हातपाय धरून शाळेत आणायचं, ही तेव्हाची रीत. मलाही लहानपणी तसंच आणलेलं. उलट्या दिशेनं नेलेला मीच पहिला. चार पोरांनी मला उचललं आणि गावातून मिरवत नेलं. गोजरा घरापुढं वाटेतच उभी होती. तिनं बाजूला सरून वाट दिली. पोरांनी मला माळ्यावर चढवलं, गोफण हातात दिली आणि पळाली.

त्या दिवशी मी राखण केली. राघू येत होते, जात होते. मध्येच मी मोठ्यानं म्हटलं, ढगाचा मालक कोण? उत्तर मला येत होतं, विचारणारं कोणी नव्हतं.

दिवस कलला तेव्हा घरचा रांजण शाळेत पोचवायचं मनाशी ठरवत होतो, तोच शिडी हलली. कस्तुरा वर आली. परकराच्या ओच्यातून तिनं गुळाचा खडा काढला, एका बाजूनं कुरतडलेला. पहिल्या दिवशीचाच तो, अर्धा जपून ठेवलेला. माझ्यापुढं धरला, पण हातात दिला नाही.

“आज तू रडला त नाही ना, बाबा?”

मी नाही म्हटलं, आणि खडा तोंडात टाकला.