टाकीतली प्रवाळं मिटली तेव्हा

जालन्यात समुद्र पाळायचा, हा विचारच मुळात आगाऊपणाचा. जिथे नळाला पाणी कधी येईल याची वाट बघण्यात माणसाचा जीव जातो, तिथे मी मस्तगडातल्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली, मासे सोडले आणि प्रवाळं लावली. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांना मी नवी तार भरून देतो. दिवसभर वार्निशचा वास नाकात गेलेल्या माणसाला संध्याकाळी निळ्या उजेडात काहीतरी डुलताना बघावंसं वाटलं, याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. मित्र म्हणायचे, ह्यानं पैसे खरोखरच पाण्यात घातले.

वडील गेल्यावर आई हसनाबादहून आमच्याकडे राहायला आली. शेत बटईनं दिलं, म्हशी विकल्या, आणि आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या खाण्यापिण्याचं बघणारी बाई एकाएकी रिकामी झाली. भिंतीकडे तोंड करून बसायची. ताटातली भाकरी अर्धी ठेवायची. मला तिची धास्तीच वाटायला लागली होती.

तिला बोलतं केलं ते टाकीनं. प्रवाळ हा प्राणी असतो हे मी तिला समजावलं, पण तिला काही ते पटलं नाही. ती त्यांना झाडंच म्हणायची, विचारपूस मात्र जित्राबांसारखी करायची. टाकीतलं पाणी रोज आटतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून आटलं तेवढं प्लास्टिकच्या कॅनमधलं आरओचं गोडं पाणी वरून घालावं लागतं. ते काम तिनं मागून घेतलं. सकाळी अंघोळ झाली की आधी टाकीला पाणी, मग स्वतःला चहा. पाणी घालता घालता त्यांच्याशी बोलायची, माझ्या बायकोला त्यांच्या गमती सांगायची. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं.

उन्हाळा चढला तशी प्रवाळं मिटायला लागली. एक होतं चामड्यासारखं जाड, त्याच्या अंगावर मऊ बोटं फुलायची. ती बाहेर यायचीच बंद झाली. दुसऱ्याचं मांस सुटून आतलं पांढरं हाड दिसायला लागलं. काचेवरच्या गोगलगायी खाली पडून उताण्या राहिल्या. मासे मात्र मजेत फिरत होते, आणि त्यांची ती मजा बघून माझं डोकं आणखीच फिरायचं. मी खारटपणा मोजला, अमोनिया मोजला, नायट्रेट मोजलं. सगळं बराबर. पाणी बदललं, दिवे वर उचलले, गारव्यासाठी बर्फाच्या बाटल्या तरंगत सोडल्या. काही केल्या फरक पडेना. आई रोज विचारायची, आज कसं आहे त्यांचं, आणि मी तिच्यावर खेकसायचो. ती काचेसमोर जाऊन बसून राहायची. टाकी गेली तर ही बाई परत त्या भिंतीकडे तोंड करून बसेल, ही भीती मला प्रवाळांपेक्षा जास्त होती.

ज्याच्याकडून प्रवाळं आणली त्या पुण्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, तांबं बघा. मासे थोडंफार सोसतात, प्रवाळांना आणि गोगलगायींना ते विष असतं. माझ्या अंगावर काटा आला. दिवसभर मी तांब्याच्या तारेतच असतो! तपासणीचं सामान मागवलं, पाण्याचा रंग बदलला, तांबं निघालं. वाईट वाटलं, पण चोर सापडला म्हणून बरंही वाटलं. टाकीत हात घालायचंच बंद केलं, काच पुसायचं काम बायकोकडे दिलं. तांबं शोषून घेणारा मसाला आणून पाण्यात लटकवला. पाणी सुधारलं, आणि पुन्हा बिघडलं. मग मात्र मी हातपाय गाळले.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी सकाळी घरी होतो. आई स्वयंपाकघरातून टाकीसाठी पाणी घेऊन आली, ते कॅनमधलं नव्हतं. ओट्यावरच्या तांब्याच्या घागरीतलं होतं. घागर चिंचेनं घासून लख्ख केलेली. मी विचारलं तर कौतुकानं सांगायला लागली.

"प्लास्टिकात पाणी मरतंय रं. दुखणाईताला तसलं न्हाई पाजायचं. उन्हाळा लागल्यापासून म्या रातीच घागरीत भरून ठिवते."

चिंचेनं नुकतंच घासलेलं तांबं आणि त्यात रात्रभर आरओचं कोरं पाणी. तसलं पाणी ज्या भांड्यात राहील त्याचा धातू ओढून घेतं. आमच्याकडे आजाऱ्याला द्यायचं सगळ्यात चांगलं पाणी तेच. प्रवाळं जितकी मलूल दिसत, तितकी आई घागर जास्त मन लावून घासत होती.

सांगणं भाग होतं. जमेल तितक्या हळू सांगितलं. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे म्या पाजलं तेच बाधलं व्हय त्यायला?"

तुला कसं ठाऊक असणार, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. तिनं घागर रिकामी करून पालथी घातली. पण तांबं दगडांत मुरलं होतं आणि तिथून पाण्यात उतरतच राहिलं. एकामागून एक प्रवाळं पांढरी पडली. आई टाकीपुढे यायची थांबली. बैठकीतून जाताना पदर पुढे ओढून तोंड फिरवायची. ते बघून मला रडू यायचं.

शेवटचं प्रवाळ गेल्यावर मी टाकीतले दगड बाहेर काढत होतो. आई येऊन मागे उभी राहिली. 

"तुझ्या बापाला दुखण्यात म्या दुसरं पाणीच देल्तं न्हाई. शेवटलोक त्याच घागरीतलं. त्यायला बी तेच बाधलं असंल का रं?"

वडिलांची किडनी गेली होती, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. माणसाला त्या पाण्यानं काही होत नाही, पिढ्यान्‌पिढ्या लोक पीत आलेत, हे सगळं मी तिला समजावलं. ती बरं म्हणाली. पण तिला ते पटलं नव्हतं हे मला दिसत होतं. म्हणून मी ती घागर सुलटी केली, भरली, रात्रभर ठेवली आणि सकाळी आईसमोर त्यातलं पाणी पेलाभर प्यायलो.

तिनं अडवलं नाही. पण त्या दिवशी तिनं मला दुकानात जाऊ दिलं नाही. पोट दुखतंय का, मळमळतंय का, असं सारखं येऊन विचारत राहिली. मी दरवेळी नाही म्हणायचो. ती आत जायची आणि थोड्या वेळानं परत यायची.