आबा, जरा सरका

जिथं चार माणसांना काही बघायचं असेल, तिथं बरोबर मधे उभं राहण्याची आमच्या शेजारच्या आबांची कला मी पुन्हा कुणातच पाहिली नाही. वडगाव रासाईत लग्नाचा असा अल्बम नसेल, ज्यात नवरीच्या तोंडावर आबांचा पटका आलेला नाही. जत्रेत पडद्यावर सिनेमा लागला की नायक-नायिकेच्या मधोमध त्यांची सावली. आमच्या टीव्हीवर मॅच रंगात आली की ते नेमके तंबाखूची डबी शोधायला उठायचे. "आबा, जरा सरका की!" पोरं ओरडायची. "सरकतो की," म्हणत ते वीतभर सरकायचे आणि मग दुसऱ्या पोरांना दिसेनासं व्हायचं. "मेंढरं वळवायची तर पुढंच उभं ऱ्हावं लागतंय," हे त्यांचं समर्थन. मेंढरं विकून शेती धरल्याला किती वर्षं लोटली, हे त्यांना कोण सांगणार?

मी मात्र त्यांना कधी सरका म्हटलं नाही. मी कुणालाच काही म्हणत नसे. केडगावला इंग्लिश मीडियमला जायचे. शाळेत गप्प, गावात त्याहून गप्प.

मी चौथीत असताना पाण्याच्या पाळीवरून एका बागायतदारानं आमच्या गड्याचा हात लोखंडी कांबीनं मोडला. झेंडूत बसलेल्या माझ्याशिवाय ते कुणी पाहिलं नव्हतं. मी बोलले नाही, तर गड्याच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. बागायतदार जामिनावर सुटला. मला तो एक शब्द बोलला नाही. रस्त्यात दिसले की थांबून नुसता बघायचा. तेवढ्यानं मी वाट बदलून जायचे.

साक्षीच्या दिवशी शिरूरच्या एसटीत वडिलांबरोबर आबाही न बोलावता चढले. मुलांसाठी पडदा, वेगळी खोली, असलं तेव्हा त्या कोर्टात काही नव्हतं. पिंजऱ्यात मी, समोर तो, आणि त्याची तीच नजर. न्यायाधीशांनी मायेनं विचारलं, "बाळ, खरं काय, खोटं काय, कळतं ना?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

तेवढ्यात तो दिसेनासा झाला. मधे घोंगडं टाकलेली एक रुंद पाठ उभी होती.

"ओ आबा, सरका!" शिपाई खेकसला.

"सरकतो की." आबा वीतभर सरकले. आरोपीही नेमका त्याच बाजूला वाकला होता.

त्याच्या वकिलानं तक्रार केली. न्यायाधीशांनी आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "राहू द्या त्यांना तिथंच. हं बाळ, बोल."

मी बोलले. सगळं बोलले. "मारणारा इथं आहे का?" असं विचारल्यावर आबा आपणहून बाजूला झाले, मी बोट दाखवलं, आणि पाठ पुन्हा जागेवर आली.

परतताना वडील म्हणाले, "आबा, मुद्दाम उभे राहिलात ना?"

"न्हाई ओ. कुठं उभं ऱ्हावं ते मला कवा कळलंय?" आबा म्हणाले आणि कंडक्टरच्या वाटेत उभे राहिले.

परवा सुट्टीत गावी गेले होते. आबा आता वाळलेत. घोंगडं त्यांच्याहून मोठं दिसतं. संध्याकाळी आमच्याकडं येतात, तेही कडेला भिंतीशी टेकून बसतात. टीव्ही सगळाच्या सगळा दिसत होता. मला ते बघवेना.

"आबा, जरा पुढं सरका की."

"तुला दिसायचं न्हाई, पोरी."

"नाही दिसलं तरी चालेल."

"सरकतो की," म्हणाले, आणि वीतभर सरकले.