पळपुट्या नायकाची बाजू

ऐंशीच्या आगेमागे मी भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होते. राहायला नदीपलीकडे कारध्याला. घरचं सारं आटोपून सकाळी पुलावरून पायी यायचं, दिवसभर आवक-जावक लिहायची, संध्याकाळी पुन्हा तोच पूल. दुपारी आम्ही तिघी रेकॉर्डच्या खोलीत डबा खात असू. एका साप्ताहिकात कादंबरी क्रमशः येत होती, ती मी मोठ्यानं वाचून दाखवायची.

तिचा नायक बायको आणि लेकीला टाकून पळालेला. गोड बोलून कुणाच्याही घरी राहायचा, जीव लावायचा आणि न सांगता निघून जायचा. आमच्या हेडक्लार्क बाईंना त्याचा भयंकर राग. टायपिस्टला मात्र तो फार आवडायचा. तो अडचणीत सापडला की हिचा घास हातातच राही.

"असा माणूस आवडणं म्हणजे त्याच्या पापाले हो म्हणणं," हेडक्लार्क बाई म्हणायच्या.

"कायचं पाप वो बाई? कागदावरचा माणूस तो," टायपिस्ट हसायची.

महिनोन्महिने हेच. मी हेडक्लार्क बाईंच्या बाजूची. वडिलांनी लहानपणी पंचशील पाठ करून घेतलेलं आणि घरात पगार आणणारी पहिली बाई मी. चांगल्या-वाइटात मला गंमत चालत नसे.

वैशाखातली दुपार होती. पोराच्या तापानं दोन दिवस माझा डोळा लागला नव्हता, वीज गेलेली. त्या अंकात नायकाच्या मुलीचं लग्न होतं. तो मांडवाच्या कडेला उभा राहून तिला पाहतो आणि तसाच परततो. मी मान वर केली तर टायपिस्ट पदरानं डोळे पुसत होती. मला काय झालं कोण जाणे.

"तुमचा नवरा असाच गेला ना वो?" मी म्हटलं. "तरी तुमाले हा आवडते?"

तिचा नवरा नाकाडोंगरीकडे खाणीवर होता. तिकडेच त्यानं दुसरं घर केलं होतं. कचेरीत सगळ्यांना ठाऊक, पण तोंडावर कुणी बोलत नसे.

तिनं डब्याचं झाकण लावलं. आवाज चढवला नाही.

"याच्या मनात काय चालू आहे ते लिहून असते, ताई. हा पोरीले पाहून रडला, ते मले कळलं. माह्यावाला काहून गेला, त्याले पोरीची सय येते का नाही, काहीच कळलं नाही. म्हणून आयकत होती मी."

ती उठून मशीनवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. "राग नाही जी," ती म्हणाली, "पण आता नाही आयकवत." पुढे ती जागेवरच डबा खाऊ लागली. पावसाळ्यानंतर तिची तुमसरला बदली झाली.

ती गेल्यावर आलेल्या शेवटच्या अंकात नायक घरी परतला, बायकोच्या पायाशी बसून रडला, तिनं माफ केलं. वाचता वाचता मला लेखकाचाच संताप आला. इतक्या सहज कोण सुधारतं? आणि तो सुधारला तसा मला परका झाला. इतके दिवस तो मलाही आवडत होता, हे तेव्हा कळलं. सांगणार कुणाला?

"झालं ना मनासारखं?" हेडक्लार्क बाईंनी विचारलं.

मी हो म्हटलं. वाद घालायचं त्राण अंगात नव्हतं.