प्रमोदिनीचा फुगलेला तलाव

आमच्या शेजारची प्रमोदिनी नकाशांच्या ऑफिसात नेमकं काय करते, हे कॉलनीत कोणालाच धड ठाऊक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "तलावांच्या कडा काढते." उपग्रहाच्या फोटोत हिमालयातले उंचावरचे तलाव पाहायचे आणि यंदा पाणी कुठवर आलं तिथे रेघ ओढायची. काही आटतायत, काही फुगतायत. "म्हणजे पगारी चित्रकला!" मी म्हटलं. हसली, पण चहा अर्धाच दिला.

यंदा तिच्या सासऱ्यांनी, मारोतरावांनी, हिमालयाची सहल ठरवली. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, सारी नोकरी उमरेडकडच्या लहान धरणांवर काढलेली. मुक्काम नदीकाठच्या तंबूत. आणि त्या नदीच्या वर प्रमोदिनीच्या रेघांतला एक तलाव.

"मामाजी, तिथं राहू नका. तो तलाव दरवर्षी वाढून राहिला," तिनं सांगितलं.

इथेच चुकली! नागपुरात तलाव वाढणं म्हणजे आनंदाची बातमी. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला की आम्ही भुट्टे खात बघायला जातो. मारोतराव खुललेच.

"वाढून राहिला? मंग तर पाहालेच पाहिजे! काहून अडवून राहिली वं?"

"पावसानं नाही वाढत, मामाजी. गरमी वाढली, वरची हिमनदी वितळून राहिली. तेच पाणी साचते."

"साचू दे ना मंग!"

त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, स्वेटरची घडी करता करता टोमणा मारला, "सुनेचं पटत नाही तुम्हाले. सहलवाला ऋषी म्हणाला तिथं गरम जिलेबी भेटते, ते मात्र लगेच पटलं!"

"त्याचा बांध कशाचा आहे, माहीत आहे का?" प्रमोदिनी म्हणाली. "हिमनदीनं ढकलत आणलेली दगडमाती. आत बर्फ. तोही वितळते."

मारोतराव सरळ बसले. "दगडमाती? अन् सांडवा? जास्तीचं पाणी जायाले वाट?"

"कोणी बांधलाच नाही, तर सांडवा कुठला? बांध फुटला की सारं पाणी खाली नदीत."

मारोतरावांनी तडक ऋषीच्या सदरमधल्या ऑफिसात फोन लावला. मी कान दिला नव्हता, आवाजच भिंत ओलांडून आला. "बिनासांडव्याच्या तलावाखाली मी चहा नाही पेत गा, झोपाचं तर सोडच! वरच्या गावात खोल्या पाह." नदीकाठ सुंदर आहे, असं ऋषी म्हणाला असावा. कारण पुढचं वाक्य होतं, "मंग तू झोप तिथं!"

खोल्या मिळाल्या. चढ ऐकून कुसुमताईंचे गुडघे आत्ताच दुखू लागलेत, आणि प्रमोदिनीनं त्यांना पट्टे आणून दिलेत. मारोतराव मात्र कॉलनीभर सांगत फिरतात की, तलावाचा धोका त्यांनीच ओळखला. प्रमोदिनी ऐकते आणि त्यांनाही चहा अर्धाच देते.