अंगणात आखलेली चासी

एका माणसाचा धंदा मी शेणाने सारवून टाकला. हे वाक्य लिहायला मला साठाहून जास्त वर्षं लागली, आणि आता लिहिलं तर वाचून हसायला तो माणूस नाही. मधूभाऊजी, माझे धाकटे दीर, गेल्या महिन्यात गेले. सकाळी सुमनचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणाले. या वयात माणसं इतकी जातात, की तोंडातून पहिला शब्द तोच निघतो... मग खुर्चीत बसले, आणि दुपारपर्यंत उठायचं राहूनच गेलं.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या बोरीवलीतली. आमच्या घरापुढे मोठं अंगण होतं, पलीकडे चिंच, आणि चिंचेखाली भाऊजींची गाडी. लढाईच्या वेळची पिकअप, पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. दहिसरच्या मिठागरातलं मीठ वाहून वाहून तिची चासी, म्हणजे सगळी गाडी ज्याच्यावर उभी असते तो लोखंडी सांगाडा, पापडासारखी झाली होती. बोट लावलं की कपचा निघायचा. इंजिन मात्र ठणठणीत. भाऊजी कारखान्यात फिटर होते. नवी चासी आपणच बांधायची, असं त्यांनी मनावर घेतलं. कांदिवलीच्या एका वीटभट्टीवाल्याकडे अशाच दोन मोडक्या गाड्या पडून होत्या. ही नीट चालली तर त्याही भाऊजींकडे येणार होत्या. मग नोकरी सोडायची आणि याच अंगणात स्वतःचं काम सुरू करायचं. पाटीसुद्धा रंगवून माळ्यावर ठेवलेली होती.

मी तेव्हा अठरा वर्षांची, नवी सून, मॅट्रिक पास. यातलं शेवटचं मी भाजीवालीलाही सांगत असे.

गाडीची केबिन, इंजिन, चाकं सगळं उतरवून भाऊजींनी जुना सांगाडा अंगणात विटांवर सरळ टेकवला. त्याच्या एकेका भोकातून ओळंबा सोडायचा आणि खाली जमिनीवर जिथे टोक टेकेल तिथे गेरूचा ठिपका द्यायचा, असं आठ दिवस चाललं. मग ठिपक्यांमधून चुन्याच्या रेघा. आमचे घरचे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, म्हणाले, "अरे, कागदावर उतरव की." तर म्हणाले, "कागदाची घडी पडते दादा, जमिनीची पडत नाही." आखणी पुरी झाली तसा जुना सांगाडा भंगारवाल्याने तोडून नेला, आणि भाऊजी लोखंड आणायला कुर्ल्याला गेले.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सासूबाई मुलुंडला लेकीकडे गेलेल्या, संध्याकाळी यायच्या होत्या. मी अंगणाकडे पाहिलं. सांगाडा गेला म्हणजे काम संपलं, आणि पुरुषांनी नेहमीप्रमाणे पसारा तसाच टाकला, एवढं माझ्या मॅट्रिक डोक्यात आलं. मी पदर खोचला, शेण कालवलं आणि कोपरान् कोपरा सारवला. वर रांगोळी काढली. भाऊजींच्या ठिपक्यांपेक्षा माझे ठिपके सरळ आले, याचं मला मनात कौतुकही वाटलं.

ते हातगाडीवरून लोखंड घेऊन आले आणि फाटकातच थांबले.

"वहिनी, इथे माझी गाडी होती."

"गाडी तिकडे चिंचेखाली आहे की," मी म्हणाले.

त्यांनी मग मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, लहान मुलाला गणित सांगावं तसं. मी रडायला लागले. तेव्हा म्हणाले, "आईला कळू देऊ नका. तुमचं पहिलंच वर्ष आहे या घरात. माझं मी बघतो." सासूबाई आल्या, अंगण बघून "सून हो तर अशी" म्हणाल्या, आणि भाऊजी मान खाली घालून पाय धूत राहिले. आमच्या घरच्यांना त्यांनी सांगितलं, आखणी चुकली होती, मीच पुसायला सांगितली.

पुढचे पंधरा दिवस आम्ही उलट बाजूने माप काढत होतो. इंजिन, स्प्रिंगचे पाटे, चाकं, सगळं विटांवर अंदाजाने मांडायचं आणि त्याच्याभोवती चासी जुळवायची. ओळंबा धरायचं काम माझ्याकडे.

"हलू नका वहिनी."

"श्वास घेऊ का?"

"थोडा घ्या."

चासी झाली. लालबुंद रिबिटा ठोकल्या, केबिन चढवली, गाडी सुरूही झाली. पण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागून येईनात. चार बोटं बाजूने चालायची, खेकड्यासारखी. वीटभट्टीवाला पाहायला आला. धुळीच्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणायला लावली आणि खाली वाकून चाकोऱ्या बघत बसला. दोन उमटायला हव्या होत्या, उमटल्या होत्या चार. "हे काय?" त्याने विचारलं. मी चहाचं तबक घेऊन पायरीवर उभी. आमचे घरचे होते, सासूबाई होत्या. एक वाक्य बोलायचं होतं मला, एकच. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही.

"माप माझंच चुकलं," ते म्हणाले.

"मग माप चुकणाऱ्याच्या हातात गाडी कोण देईल, मास्तर?" वीटभट्टीवाला उठला. चहासुद्धा घेतला नाही. मी चहा आत नेऊन पुन्हा पातेल्यात ओतला, आणि वाया जाऊ नये म्हणून स्वतःच प्यायले. असली मी.

भाऊजी निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्यात फिटर राहिले. पाटी पुढे उलटी घालून माळ्यावर डबे ठेवायची फळी झाली. गाडी बरीच वर्षं गवत वाहत होती. गल्लीत तिला खेकडा म्हणत आणि भाऊजींना खेकडेवाले. ते हसत. त्यांचं लग्न झालं, सुमन आली, शहाबादी फरशी बसेपर्यंत अंगण भाऊजी स्वतः सारवत. रविवारी सकाळी लेंगा खोचून शेण कालवणारा फिटर बघायला शेजारच्या बायका कुंपणाशी येत आणि सुमनच्या नशिबाचा हेवा करत. मी खिडकी लावून घ्यायची. दर पाडव्याला वाटायचं, आज सगळ्यांसमोर सांगून टाकावं. मग पानं वाढली जायची, श्रीखंड यायचं... आणि श्रीखंड खाताना कुठे असलं बोलायचं, असं म्हणत साठ वर्षं गेली. आता तर सासूबाई नाहीत, आमचे घरचे नाहीत, अंगणाच्या जागी बिल्डिंग आहे. लपवायचं कुणापासून तेच उरलं नाही, तरी लपवायची सवय जात नव्हती.

तेरावा झाल्यावर सुमनकडे गेले. स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर तोच ओळंबा अजून टांगलेला. दोरी नवी होती, ती ते दर वर्षी बदलायचे म्हणे. पंख्याच्या वाऱ्याने जरा हलत होता. मी बोटाने धरून तो थांबवला, आणि धरूनच तिला सगळं सांगितलं. शेण, रांगोळी, चहा, सगळं. सुमन कोथिंबीर निवडत होती. हात थांबले. मान वर करून म्हणाली,

"अगंबाई, म्हणजे ते त्याच्यामुळे होय? आणि मी आपली जन्मभर सगळ्यांना सांगत राहिले, माझा नवरा मला शेणात हात घालू देत नाही."