मामांचा उजवा पाय

गाडीचा ब्रेक बिघडला की माणसं गॅरेजला जातात. आमच्या नात्यागोत्यात मात्र ती गाडी आधी माझ्या बायकोच्या थोरल्या मामांच्या पायाखाली जाते. हे वाक्य शब्दशः घ्यावं. मामा मेकॅनिक नाहीत. त्यांना दुकान नाही, पाटी नाही. ते लालबागच्या चाळीतून लेंगा-बनियनवर खाली उतरतात, चप्पल शेवटच्या पायरीवर काढतात, उजवा तळवा फडक्याने पुसतात आणि अनवाणी गाडी चालवत एक फेरी मारून येतात. मग निकाल, एका वाक्यात. "पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतंय, मास्टर सिलिंडर गेला." "स्पंजासारखं लागतंय, लाइनीत हवा." "वेगात असताना ब्रेक मारला की थरथरतंय, डिस्क वाकडी." या निकालांवर अपील नसतं. एका भाच्याने एकदा केलं होतं, की मामा, कम्प्युटरवर तर काहीच दाखवत नाही. मामा म्हणाले, "कम्प्युटरला पाय आहेत काय रे?"

ही विद्या गिरणीतली. विशीत मामा परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. शेकडो साचे एकदम चालत, त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. एखादा साचा अडला तर ते कानाला नव्हे, फरशीच्या थरथरीतून तळव्याला कळे. "गिरणीने कान नेले, पाय दिले," असं मामा सांगतात, आणि ओरडून सांगतात, कारण कान खरोखरच गेले आहेत. गिरणी कधीच बंद झाली. साच्यांच्या जागी आता काचेचा टॉवर आहे, जुन्या गेटचे दोन दगडी खांब तेवढे शोभेला ठेवलेत. मामा तिथून जाताना चप्पल काढतात, खांबाजवळ मिनिटभर उभे राहतात आणि गावच्या मालवणीत म्हणतात, "चालू आसा." भर दुपारी, रहदारीत, शेजारी टॉवरचा वॉचमन उभा असताना. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांची नजर फुटपाथवर होती, दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकणाऱ्या माणसासारखी. नंतर एकटाच असताना मीही बूट काढून तिथे उभा राहिलो. काही लागलं नाही. याची नोंद करतो, कारण बातमीदारीत बरीच वर्षं काढल्यावर न लागलेल्या गोष्टींचीही नोंद करायची सवय होते.

गेल्या वर्षी माझ्या पंधरा वर्षं जुन्या गाडीचं पेडल त्याच गेटसमोर माझ्या पायाखाली थरथरलं. गाडी जवळजवळ थांबत आली होती. खालून कोणीतरी तळव्यावर भराभर टकटक करावं, तसं. त्याबरोबर एक करकर. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी तिथेच. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नव्हता. दोन गॅरेजांनी गाडी निर्दोष ठरवून परत दिली. आठवड्याने मी दादरहून येताना ती गल्ली टाळून लांबून जाऊ लागलो, आणि बायकोला कारण सांगितलं नाही.

शेवटी मामांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "जावईबापू, आधी एबीएसचा फ्यूज काढा," ते ओरडले. "भूत असेल तर फ्यूज काढून जायचं नाही." जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ नयेत म्हणून ब्रेक भराभर सोडत-धरत राहणारी यंत्रणा म्हणजे एबीएस. फ्यूज काढला, दिवा लागला, गेटसमोर हळू जाऊन मी ब्रेक दाबला. पेडल गप्प. "गेला तुमचा समंध," मामा म्हणाले. "एका चाकाचा सेन्सर खोटं सांगतोय. चाक अडकलंय असं वाटून ते यंत्र उगाच धावून येतं, गाडी थांबता थांबता. तुम्ही इथे वळायला दर वेळी तेवढेच हळू होता, म्हणून इथे. आता कुठलं चाक ते माझा पाय सांगेल."

फ्यूज परत बसवला. मामा स्टिअरिंगवर बसले, तळवा पुसला, गेटसमोर वेग उतरवून ब्रेक दाबला. करकर मला स्पष्ट ऐकू आली. शेजारच्या सीटवर माझ्या पायाखालचा गाडीचा तळसुद्धा थरथरला.

"शांत आहे," मामा म्हणाले.

"मामा, आत्ता झालं."

"काय झालं?"

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा थरथरलं. मामांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मी खाली पाहिलं. त्यांच्या अंगठ्याला चांगली चीर पडली होती, पेडलवर रक्त होतं, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. "चार महिन्यांपूर्वी साखरेचा डॉक्टर म्हणाला होता, पाय बधिर होतोय," इतकंच म्हणाले, या वेळी हळू. मग फडक्याने पेडल पुसलं. "म्हणजे चार महिने मी या गाडीला काही नाही, त्या गाडीला काही नाही म्हणत होतो, ते..."

जागा बदलली. मी बूट-मोजे काढून बसलो. "तुमचा पाय द्या," मामा म्हणाले. "कुठल्या बोटाखाली जास्त लागतंय?" डावं पुढचं चाक अंगठ्याखाली बोलतं, उजवं करंगळीखाली, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्याला कुठल्याही पुस्तकात आधार मिळणार नाही. मी अंगठा म्हणालो. चाळीखाली डावं पुढचं चाक उतरवलं, तेव्हा सेन्सर ज्या दात्यांच्या कडीवरून चाकाचा वेग मोजतो, तिला गंजाने केसाएवढी चीर पाडलेली दिसली. मी त्या चिरेकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहत राहिलो.

कडी बदलली, थरथर गेली. त्याच आठवड्यात मामा, पायाला पट्टी बांधून, चार महिन्यांत निरोगी ठरवलेल्या तीन गाड्यांच्या मालकांच्या दारी स्वतः गेले. "माझा निकाल मागे घेतोय, ब्रेक गॅरेजमध्ये दाखवा," एवढंच सांगितलं. चहाला थांबले नाहीत. डॉक्टरांनी अनवाणी चालणं बंद केलं आहे. आता ते घरातसुद्धा मऊ चपला घालतात आणि त्यांना 'बूट' म्हणतात.

परवा मी त्यांना दवाखान्यातून आणताना त्यांनी गेटजवळ थांबायला सांगितलं. ते उतरले, चप्पल काढायला वाकले आणि तसेच सरळ झाले.

"जावईबापू, तुम्ही बघा. लागता काय?"

दुपारचे तीन वाजले होते. मी बूट काढले, खांबाजवळ उभा राहिलो. मामा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. खातरजमा केल्याशिवाय मी आजवर एक ओळ छापायला दिलेली नाही.

"चालू आसा, मामा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि समाधानाने गाडीत जाऊन बसले. मी मात्र बूट लगेच घातले नाहीत.